बकरी, बाभूळ आणि गायरान

पेरण्या उरकल्या आणि पिकं गुडघ्याएवढी झाली, की माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं गळायला लागतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. हजेरी घेताना नाव पुकारलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं, "आपा, वो बकऱ्यां ले के गया." उन्हाळ्यात रानं मोकळी असतात. बकऱ्या कुठंही फिरतात, कुणी काही म्हणत नाही. पावसाळ्यात मात्र सगळीकडं सोयाबीन आणि तूर उभी असते. बकरी कुणाच्या वावरात शिरली तर भांडण, आणि भांडणाला आजकाल जात-धर्म चिकटायला वेळ लागत नाही. म्हणून घरातलं कुणीतरी बकऱ्यांमागं जावंच लागतं. आई खुरपणीला गेलेली, बाप गवंड्याच्या हाताखाली. मग उरतो तो सातवीतला मुलगा.

मागच्या वर्षी अशाच एका मुलाला मी जरा रागानंच विचारलं, "बकऱ्या महत्त्वाच्या की शाळा?" तो मान खाली घालून म्हणाला, "आपा, दीदीची बारावीची फी बकरी विकूनच भरली."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण माझं बीएडही बकऱ्यांवरच झालं होतं.

मराठीच्या पुस्तकात जिला शेळी म्हणतात तिला आमच्या घरात बकरी म्हणतात. अब्बांचं शिवणकाम होतं, जमीन गुंठाभरही नव्हती. अम्मीच्या पाच-सहा काळ्याभोर उस्मानाबादी बकऱ्या होत्या. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, बकरीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलंय. ही जात आमच्या कोरड्या मुलखाला अगदी साजेशी. बऱ्याचदा जुळी करडं देते, ऊन सोसते, थोडक्यात भागवते. पाच महिन्यांत व्यायची, दोन वर्षांत साधारण तीन वेतं. सकाळचा चहा तिच्या दुधाचा. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न निघालं, की एक बकरी बाजारात जायची. बकरी ईदच्या आधी बोकडाला चांगला भाव यायचा, तो पैसा अम्मी वेगळा बांधून ठेवायची. माझ्या प्रवेशाच्या वर्षी दोन बोकड आणि एक गाभण बकरी गेली. ज्यांच्याकडं जमीन नाही, बँकेत पत नाही, त्यांच्यासाठी दावणीची बकरी हीच बँक. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आहेत आणि त्यातल्या एक कोटीहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. यातल्या कितीतरी अशाच घरांमधल्या.

पुढं गावात चराईबंदी आली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं एकच गाव नाही. ग्रामसभेत ठराव झाला: डोंगराच्या उतारावर आणि गायरानात कुणी जनावर सोडायचं नाही, कुऱ्हाड चालवायची नाही. सलग समतल चर खोदले, झाडं लावली. चार-पाच वर्षांत उतार हिरवा झाला, खालच्या विहिरींना पाणी वाढलं. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी ऊस लावला. ज्यांच्याकडं विहीर नव्हती आणि बकऱ्या होत्या, त्यांनी बकऱ्या विकल्या. अम्मीनंही शेवटच्या तीन विकल्या. ती ठरावाच्या विरोधात कधी बोलली नाही. इतकंच म्हणाली, "झाडां बढ्यां, अच्छा हुआ. पन हमना कोन पुछ्या?"

हा लेख तिच्या त्या प्रश्नावर आहे. झाडं वाचवायची तर बकरी घालवावीच लागते का?

आपल्याकडं बकरीवर आरोप जुना आहे. बकरी रान खाते, डोंगर बोडका करते, तिच्या मागं वाळवंट येतं. आरोप साफ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गाय आणि मेंढी गवत चरतात, बकरी मुख्यतः पाला खुडते. मागच्या दोन पायांवर उभी राहून पाच-सहा फुटांपर्यंतचा कोवळा शेंडा ती तोडते. नुकतं लावलेलं रोप तिला सापडलं तर ते संपलंच. पण जिथं गवत आधीच गेलंय, माती धुपून मुरूम वर आलाय, तिथं बकरी तेवढी तग धरते, आणि मग शेवटची साक्षीदार असलेल्या तिलाच आपण गुन्हेगार ठरवतो. गवत खाऊन संपवलं कुणी, झाडं तोडून भट्टीला आणि बांधकामाला नेली कुणी, गायरानाच्या कडा नांगरून आत सरकलं कोण, हे प्रश्न मागंच राहतात.

खरा दोष आहे तो वेळेचा आणि राखणीचा. कुठल्याही कुरणाला विश्रांती लागते. पहिल्या पावसानंतर गवत चार बोटं वर आलं की त्याच्यावर जनावर सोडलं, तर मुळांना ताकद धरायला वेळ मिळत नाही. मारवेल, पवना, डोंगरी अशी कसदार गवतं आधी संपतात आणि कुसळी तेवढी उरते, जी वाळल्यावर जनावराच्या तोंडात टोचते. हे सगळं रान सगळ्यांचं आणि राखण कुणाचीच नाही, अशा ठिकाणी घडतं. तिथं बकरी काढून गाय सोडली तरी हेच होणार.

याला पर्याय आहे आणि तो काही परदेशातून आणायचा नाही. एकाच जमिनीवर झाड, गवत आणि जनावर तिन्ही ठेवायची पद्धत. कृषी विद्यापीठाची माणसं तिला वन-कुरण म्हणतात. झाशीला १९६२ साली स्थापन झालेली भारतीय गवत व चारा संशोधन संस्था या विषयावर कित्येक वर्षं काम करते आहे. आपल्या देशानं तर २०१४मध्ये राष्ट्रीय कृषी-वानिकी धोरण जाहीर केलं, आणि असं धोरण आणणारा भारत जगातला पहिला देश ठरला. धोरणाची बातमी आमच्या गायरानापर्यंत अजून पोचायची आहे, ही वेगळी गोष्ट.

पद्धत समजायला सोपी आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत पाच-सहा मीटर अंतरावर झाडांच्या ओळी लावायच्या. झाडं अशी, की ज्यांचा पाला किंवा शेंगा जनावर खाईल: बाभूळ, बोर, अंजन, शेवरी, हादगा, सुबाभूळ, कडेनं कडुनिंब. दोन ओळींच्या मध्ये मारवेलसारखं गवत आणि त्यात स्टायलो किंवा दशरथ घास. हे दोन्ही शेंगावर्गातले, म्हणजे हवेतलं नत्र जमिनीत आणणारे आणि चाऱ्यात प्रथिनं वाढवणारे. कुंपण काटेरी झाडांचंच. पहिली दोन-तीन वर्षं आत जनावर सोडायचं नाही, पण गवत विळ्यानं कापून घरी न्यायचं. म्हणजे पहिल्या पावसाळ्यापासून चारा मिळतो, फक्त तोंडानं नाही, हातानं. झाडांचे शेंडे बकरीच्या पोचेबाहेर गेले, की मग कुरणाचे चार भाग करायचे. एका भागात आठवडाभर चराई, बाकीच्या तिघांना विश्रांती. झाडाचा पाला छाटताना सगळा बोडका करायचा नाही, निदान एक तृतीयांश तरी फांद्या ठेवायच्या.

यात मला आवडतं ते वर्षाचं गणित. गवत पावसाळ्यात उदंड असतं आणि जानेवारीनंतर वाळून काडी होतं. आमच्याकडं जनावराची खरी उपासमार फेब्रुवारी ते जून. नेमकं तेव्हा झाड कामाला येतं, कारण त्याची मुळं गवतापेक्षा कितीतरी खोल ओलीपर्यंत गेलेली असतात. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पिकून खाली पडतात. अंजनाला एप्रिलात नवी पालवी फुटते. शेवरी आणि सुबाभूळ छाटली की पुन्हा फुटतात. हिवाळ्यात तुरीची गुळी आणि हरभऱ्याचा भुसा असतोच. म्हणजे बारा महिन्यांची दावण एकाच रानातून भरते. जनावराला सावली मिळते, झाडाला लेंडीखत मिळतं, माती वाहून जात नाही. आमच्या जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर बांधावर रामकाठी बाभूळ ठेवायचे. तिच्या फांद्या सरळ वर जातात, पिकावर सावली धरत नाहीत, आणि शेंगा मिळतात त्या वेगळ्याच.

धनगरांचं शहाणपणही यातलंच. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते निघतात, आणि वाटेतले शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्या आणि मुताचं खत पडतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. जनावर, जमीन आणि माणूस यांचा हा करार कुठल्याही खात्यानं लिहून दिलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, कारण दोन्ही बाजूंना फायदा होता.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर अर्धवट माहितीनं नुकसान होतं. पहिली सुबाभळीची. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाई यांनी १९६७मध्ये उभ्या केलेल्या बाएफ संस्थेनं हे झाड महाराष्ट्रात बरंच पसरवलं. तिचा पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसता सुबाभळीचाच पाला दिला तर जनावराचे केस गळतात, गळ्याची गाठ सुजते. ऑस्ट्रेलियात हा त्रास व्हायचा आणि हवाई बेटांवरच्या बकऱ्यांना होत नव्हता. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं शोध घेतला, तेव्हा कळलं की हवाईच्या बकऱ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जंतू आहेत. पुढं त्या जंतूला सिनर्जिस्टेस जोनेसी असं त्याच्याच आडनावावरून नाव मिळालं. आपण एवढंच लक्षात ठेवायचं, की सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. दुसरी गोष्ट वेड्या बाभळीची. तिच्या गोड शेंगा बकऱ्या आवडीनं खातात आणि बी लेंडीतून रानभर पेरतात. ती एकदा माजली की खाली गवताची काडी उगवू देत नाही. तिला वन-कुरणात जागा नाही.

आता मास्तरीणबाईंचं गणित. तीस किलोची बकरी रोज साधारण एक किलोहून थोडा जास्त कोरडा चारा खाते, म्हणजे हिरव्या-वाळल्याची बेरीज करून त्यातलं पाणी वगळलं तर. वर्षाचे झाले सुमारे ४०० किलो. उजाड गायरानातून हेक्टरी जेमतेम टनभर कोरडा चारा निघतो, म्हणजे एकरी ४०० किलो. एका एकरात एक बकरी, आणि तीही गवत मुळापासून खाल्लं तर. चांगली निगा राखलेल्या वन-कुरणातून याच्या कित्येक पट चारा निघतो. आपण जपून एकरी दोन टन धरू. त्यातलं काही वाया जाणार, काही जमिनीवर राहू द्यायचं. तरी तीन-चार बकऱ्यांची सोय झाली. म्हणजे दहा एकर गायरानात तीस ते चाळीस बकऱ्या, घरटी पाच धरल्या तर सहा ते आठ भूमिहीन घरं. आज तेच दहा एकर दहा बकऱ्यांना पोसत नाहीत आणि झाडांनाही जगू देत नाहीत. हा हिशोब फळ्यावर मांडला तर चौथीच्या पोरालाही कळतो. ग्रामसभेत तो मांडला का जात नाही?

हिवरे बाजारचं नाव इथं येणारच, आणि ते आदरानंच घ्यायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं १९९०च्या दशकात सावरलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांनी डोंगर बदलला. त्याआधी शेजारच्या राळेगणसिद्धीनंही तोच रस्ता धरला होता. हिवरे बाजारची एक गोष्ट आपण विसरतो. तिथं राखलेल्या डोंगरावर जनावर सोडायला बंदी असली, तरी गवत कापून न्यायची सोय ठेवली. म्हणून तिथं चारा वाढला आणि दूध वाढलं. नक्कल करणाऱ्या गावांनी त्यातली बंदी तेवढी उचलली आणि चाऱ्याची वाटणी सोडून दिली. फलक लावला, दंड ठरवला, काम झालं. आणि जिथं चारा कापायची परवानगी आहे, तिथंही तो कुणाच्या कामाचा? ज्याच्या दारात गाय-म्हैस आहे, ज्याच्याकडं चारा वाहून आणायला बैलगाडी आणि साठवायला जागा आहे, त्याच्या. बकरी बांधून नुसत्या कापलेल्या वाळल्या गवतावर जगत नाही, तिला पाला हवा, आणि पाल्याचं झाड तोडायला बंदी. अशा ठरावात कुठं लिहिलेलं नसतं की भूमिहीनांनी बकऱ्या विकाव्यात. पण होतं तेच.

झाड जगवायचं असेल तर आधी ते कुणाचं हे ठरवावं लागतं, याचा मला पटलेला सगळ्यात मोठा दाखला आफ्रिकेतल्या नायजर देशाचा आहे. सहारा वाळवंटाच्या कडेचा हा मुस्लिम बहुसंख्येचा गरीब देश. तिथं पूर्वी झाडांची मालकी सरकारची होती. स्वतःच्या शेतातल्या झाडाची फांदी तोडली तरी शेतकऱ्याला दंड. मग शेतकरी रोपटं उगवताच उपटून टाकायचे, कटकट नको म्हणून. १९८०च्या दशकात मराडी भागात टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती मिशनरी झाडं लावून लावून थकला होता, बहुतेक सगळी मरायची. १९८३च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं, की रानात झुडपं म्हणून दिसतात ती खरं तर तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. नवी लावायचीच गरज नाही. बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांतले चांगले दोन-तीन ठेवायचे, बाकी छाटायचे आणि राखायचं. शेतकऱ्यांनी ते करून पाहिलं, सरकारनंही हळूहळू दंडाचा हात आखडता घेतला, आणि शेतातलं झाड शेतकऱ्याचं मानलं जाऊ लागलं. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. त्यात गाओ नावाचं एक बाभूळकुळातलं झाड आहे, ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. पिकाच्या वेळी सावली नाही, उपासमारीच्या वेळी जनावराला पाला आणि शेंगा. पिकं निघाली की फुलानी मेंढपाळांचे कळप त्याच रानात येतात आणि खत टाकून जातात. आपल्या धनगरांसारखंच. बियाणं तेच, माती तीच, पाऊस तोच. बदलली ती मालकी आणि राखण.

आता थोडं आपल्या घरचं. झाड लावणाऱ्याच्या रोपट्यातून माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं काही खाल्लं तर ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिलं जातं, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. जुम्याच्या बयानात ती अधूनमधून ऐकूही येते. पण दुसरी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अरबस्तानात 'हिमा' नावाची पद्धत होती, म्हणजे राखीव कुरण. इस्लामच्या आधी बलदंड सरदार चांगली कुरणं स्वतःच्या कळपांसाठी राखून ठेवत. पैगंबरांनी ती मनमानी बंद केली आणि हिमा फक्त सगळ्यांच्या कामासाठी असेल असं ठरवलं. पुढं हजरत उमर खलिफा झाले. त्यांनी राखीव कुरणावर नेमलेल्या हुनय नावाच्या आपल्या माणसाला ताकीद दिली, ती बुखारीच्या हदीससंग्रहात आलेली आहे. तिचा आशय असा: ज्याच्याकडं थोडे उंट, थोड्या बकऱ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र सवलत देऊ नकोस. त्यांची जनावरं मेली तर त्यांच्याकडं शेती आहे, खजुराच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि मग चाऱ्याऐवजी मला त्याला सोनं-चांदी द्यावी लागेल.

नावं घेतलेले दोघं साधे नव्हते, पैगंबरांचे जवळचे साथी होते, त्यातले एक तर पुढं स्वतः खलिफा झाले. तरी उमरनी नाव घेऊन सांगितलं. चराईबंदीचा याहून चांगला नियम मी वाचलेला नाही. कुरण राखायचं, पण राखण्याची किंमत सगळ्यात गरिबानं मोजायची नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या वाक्यात अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. विचारायचं तिलाच आधी, कारण तिच्याकडं खजुराची बाग नाही.

मग करायचं काय? गायरान काही कुणाच्या मर्जीचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २२ प्रमाणे गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी आणि वैरणीसाठी जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०११च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्याच निकालात भूमिहीनांना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींसारखे अपवादही ठेवले. हे दुसरं वाक्य आपण विसरता कामा नये. मराठवाड्यात कितीतरी दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानाचा तुकडा कसून पोट भरलंय. बकरीच्या नावानं त्यांना हुसकावणं म्हणजे एका गरिबाच्या हातून दुसऱ्या गरिबाला मारणं. जे गायरान आज ओसाड पडलंय, ज्यावर धनदांडग्यांनी कुंपण घातलंय, किंवा जे सौर प्रकल्पासाठी देताना गावाला नीट विचारलंही जात नाही, त्याबद्दल मी बोलते आहे.

अशा गायरानातले दहा-वीस एकर गावातल्या भूमिहीन बायांच्या बचत गटाला वन-कुरणासाठी लांब मुदतीनं द्यावेत. चर, खड्डे, रोपं आणि राखण रोजगार हमीतून व्हावी. पाला आणि गवत कापायचा हक्क गटाचा, आणि तो ग्रामसभेच्या ठरावात लेखी. चराई कधी सुरू करायची, कुठल्या भागाला विश्रांती द्यायची, हे गटानं ठरवावं आणि मोडणाऱ्याला दंडही गटानंच करावा. धनगरांच्या वाटेवरचं कुरण असेल तर त्यांना बोलावूनच नियम करावेत. आणि हे व्हायचं तेव्हा होईल, तोवर ज्याच्या घरामागं चार हात जागा आहे त्यानं शेवरी आणि हादग्याची दहा रोपं या पावसाळ्यात लावावीत. पुढच्या पावसाळ्यात दोन बकऱ्यांच्या रोजच्या पाल्यातला निदान काही हिस्सा परसातूनच निघेल.

आपल्याच लोकांनाही दोन शब्द. आपल्या मोहल्ल्यातली पोरं आकडी घेऊन दुसऱ्याच्या बांधावरची बाभूळ ओरबाडतात, हे मी पाहिलंय. मालक ओरडला की आपण त्याच्या धर्मावर जातो. हे बंद झालं पाहिजे. ईदच्या आधी महिनाभर बोकड घेऊन नफा कमावणारे व्यापारी आपल्यात आहेत, पण वर्षभर बकरी वाढवणाऱ्या बाईच्या चाऱ्याचा प्रश्न त्यांनी कधी ग्रामसभेत मांडलेला मला आठवत नाही. २०१५च्या कायद्यानंतर राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि बकरीवरचा भार आणखी वाढला. कुर्बानीच्या जनावराचं वजन आणि भाव यांच्या गप्पा आपण रात्रभर मारतो. त्या जनावरानं वर्षभर काय खाल्लं, कुणाच्या मुलाच्या शाळेच्या बदल्यात खाल्लं, हेही एकदा विचारू या. कुर्बानीत सोडायची ती स्वतःची आवडती गोष्ट, दुसऱ्याच्या पोराचं शिक्षण नाही.

आणि ग्रामसभेत बसणाऱ्या माझ्या हिंदू भावा-बहिणींनो, चराईबंदीचा ठराव पुढच्या वेळी येईल तेव्हा एवढंच करा: गावात बकऱ्या कुणाकुणाकडं आहेत त्यांची यादी आधी काढा. त्यात खाटीक-कुरेशी असतील, धनगर असतील, बौद्ध वस्तीतली एकटी बाई असेल, मराठा विधवाही असेल. त्यांना समोर बसवा आणि विचारा. झाडं त्यांनाही हवी आहेत. सावलीची किंमत उन्हात फिरणाऱ्याला जास्त कळते.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. छावण्यांमध्ये प्रामुख्यानं गाई-बैल-म्हशीच उभ्या होत्या. बकऱ्या मात्र तेव्हाही रस्त्याकडेच्या बाभळीखाली शेंगा वेचत होत्या आणि घरं चालवत होत्या. पुन्हा तसा दुष्काळ येणारच नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकतं का? तो येईल तेव्हा आपल्याकडं बाभळीही हव्यात आणि बकऱ्याही.

त्या सातवीतल्या मुलाला मी या जूनमध्ये शाळेच्या कुंपणाकडेला शेवरीच्या बिया लावायला दिल्या. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पाणी मुलंच घालतात. उगवलेल्यांपैकी अकरा जगल्या आहेत. एक रांग शाळेची, एक त्याच्या घरामागं. परवा तो मला म्हणाला, "आपा, पाला मोठा झाला की मी मधल्या सुट्टीत कापून नेईन, मग दुपारी परत येता येईल." हजेरीपटावर त्याच्या नावापुढं अजून बऱ्याच गैरहजेऱ्या आहेत. पण अकरा शेवऱ्या वाढताहेत, आणि मी हजेरी घेताना खिडकीतून त्यांच्याकडंही एकदा बघून घेते.